आठ आठवडे आणि कचरागाडीचं गाणं

मनातलं विचारा : वाचकांची पत्रं आणि उत्तरं

ताई, नमस्कार.

मी ५२ वर्षांची, सुदामानगरात राहते. एकवीस वर्षं शाळेत शिकवलं, गुडघ्यांनी दगा दिला म्हणून मागच्या वर्षी नोकरी सोडली. मुलगी नोकरीसाठी पुण्याला गेली, त्याला आठ महिने झाले. हे सकाळी दुकानात जातात ते रात्री नऊला येतात. दुःख म्हणावं असं काही घडलेलं नाही, खाऊनपिऊन सुखी आहोत. पण दिवाळीपासून कशातच गोडी वाटत नाही. सकाळी कचरागाडीचं गाणं ऐकू येतं, कळतं की उठायला हवं, आणि मी तशीच पडून राहते. ओल्या-सुक्याच्या बादल्या हेच खाली नेऊन देतात. मंगळवारचं भजनी मंडळ सुटलं. वाचनालयातून आणलेलं पुस्तक तीन महिने उशाशी आहे, दंड किती झाला असेल देव जाणे.

संक्रांतीला मुलगी आली तेव्हा तिनं मोबाईलवर नऊ प्रश्नांची एक चाचणी करून घेतली. माझे आठ गुण आले. ती म्हणाली, सौम्य नैराश्य आहे आई, ऑनलाइन सीबीटीचा, म्हणजे विचार आणि वागणं बदलायच्या मानसोपचाराचा, आठ आठवड्यांचा कोर्स असतो, तो कर, पैसे मी भरते. हे म्हणाले, "मोबाईल घेऊन पडून राहायचं, आणि तो रोग बरा करायलाही मोबाईलच?" मी पहिला धडा उघडला. इंग्रजी आणि हिंदी आहे, मराठी नाही. दोन्ही येतात मला, तरी परकं वाटलं. यात खरंच दम आहे का, की नुसता धंदा? प्रत्यक्ष कुणाकडे जायची लाज वाटते. इथं सगळे ओळखीचे.

– एक वाचक, इंदूर

तुमच्या यजमानांचा टोमणा मला आवडला, कारण २०२० पर्यंत मी स्वतः हेच म्हणत असे. रामबागेजवळच्या खोलीत दोन खुर्च्या, मधे पाण्याचं तांब्या-भांडं, एवढ्यावर सव्वीस वर्षं माझं काम चाललं होतं. समोरच्या माणसाचे पाय कसे हलतात हे पाहिल्याशिवाय मानसोपचार होतच नाही, असं मी विद्यार्थ्यांना ठासून शिकवलंय. मग मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि नाइलाजानं मोबाईल उशीला टेकवून बसले. एक गृहस्थ घरात एकांत नाही म्हणून गच्चीवर पाण्याच्या टाकीआड बसून बोलायचे. शेजारीण वाळवण घालायला आली की "हां भिया, माल कल भेजता हूँ" म्हणून फोन ठेवून द्यायचे. दोन-तीन महिन्यांत लक्षात आलं की जे गृहपाठ करत होते ते सुधारत होते, आणि जे करत नव्हते ते खुर्चीत समोर बसायचे तेव्हाही सुधारले नव्हते. पायांच्या हालचालींचं माझं शास्त्र तिथंच थोडं लंगडं झालं.

तर दम आहे. पण कुणासाठी, किती आणि कशाच्या जोरावर, ते सांगते. जाहिरातीत तेवढंच नेमकं नसतं.

आधी तुमचा आकडा. मुलीनं केलेली चाचणी पीएचक्यू-९ असणार. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण २७. त्यात ५ ते ९ सौम्य, १० ते १४ मध्यम, पुढे गंभीर होत जातं. म्हणजे मुलगी बरोबर बोलली. पण ही नुसती तापमापी आहे. ताप आहे एवढं ती सांगते, मलेरिया की टायफॉइड ते नाही. ५२ व्या वर्षी सकाळी उठवत नसेल तर थायरॉइड, हिमोग्लोबिन आणि बी-१२ तपासून घ्या, आणि पाळीचं काय चाललंय तेही घरच्या डॉक्टरांना मोकळेपणानं सांगा. त्याला कसली लाज? माझ्याकडे "उदास वाटतं" म्हणून आलेल्या दोन बायका थायरॉइडच्या गोळीनं इतक्या सुधारल्या की पुन्हा माझ्याकडे फिरकल्याच नाहीत.

आणि नववा प्रश्न. मरून गेलेलं बरं, किंवा स्वतःला इजा करावी, असे विचार येतात का, असं त्यात विचारतात. त्याला तुम्ही काय उत्तर दिलंत ते पत्रात नाही. शून्य दिलं असेल तर पुढे वाचा. शून्य नसेल तर एकूण गुण कितीही असोत, हा कोर्स बाजूला ठेवा, आजच यांना किंवा मुलीला सांगा, आणि टेलिमानसच्या १४४१६ या नंबरवर बोला. ही सरकारी सेवा १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाली. चोवीस तास चालते, पैसे पडत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं.

आता सीबीटी. ही काही मोबाईलसोबत जन्मलेली गोष्ट नाही. फिलाडेल्फियाचे डॉक्टर अ‍ॅरन बेक (ते २०२१ मध्ये शंभरी गाठून गेले) मुळात फ्रॉइडच्या, म्हणजे स्वप्नांचा अर्थ लावून मनाचा तळ शोधायच्या, पठडीतले. १९६० च्या दशकात उदास रुग्णांचं ऐकताना त्यांना दिसलं की माणूस जे मोठ्यानं बोलतो त्याच्या मागं एक बारीक, झटपट वाक्य पळत असतं. "हिला माझा कंटाळा आलाय." "आपल्याच्यानं व्हायचं नाही." माणूस ते वाक्य तपासत नाही, कारण ते विचार म्हणून येतच नाही, वस्तुस्थिती म्हणून येतं. बेक यांनी ती वाक्यं पकडून कागदावर उतरवायला लावली आणि पुरावा मागितला. त्यांच्या थोडंसं आधी न्यूयॉर्कमध्ये आल्बर्ट एलिस यांनी अशीच दुसरी वाट काढली होती. ती कि. मो. फडके यांनी 'विवेकनिष्ठ' या नावानं मराठीत आणली, म्हणून हा शब्द तुमच्या-माझ्या पिढीच्या कानावर आहे. या पद्धतीत गूढ काही नाही. धडे ठरलेले, वह्या ठरलेल्या, गृहपाठ ठरलेला. म्हणूनच ती आधी पुस्तकात आणि मग संगणकावर बसवता आली. स्वप्नांचा अर्थ लावणं असं बसवता आलं नसतं.

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय विद्यापीठातल्या लोकांनी २००१ मध्ये 'मूडजिम' नावाचा असा कार्यक्रम सर्वांसाठी खुला केला. २००४ मध्ये त्यांनी ५२५ लोकांवर तो तपासला. एका गटाला मूडजिम, दुसऱ्याला नैराश्याची नुसती माहिती देणारं संकेतस्थळ, आणि तिसऱ्याला दोन्ही नाही. पहिल्या दोन्ही गटांची लक्षणं तिसऱ्यापेक्षा कमी झाली. म्हणजे नीट माहिती वाचूनही बरं वाटतं. हे माझ्या धंद्याला फारसं सोयीचं नाही, पण आहे ते आहे. एक तपशील मात्र मी कधी विसरत नाही: त्या सगळ्यांना दर आठवड्याला एक फोन यायचा. फोन करणारे मानसशास्त्रज्ञ नव्हते, साधी माणसं होती.

याच्या उलट निकालही सांगायला हवा. इंग्लंडमध्ये ६९१ रुग्णांवरचा एक अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या डॉक्टरांच्या उपचारांसोबत असे कोर्स दिले, तर चार महिन्यांनी काही जादा फायदा दिसेना. का? निम्मी मंडळी दुसऱ्या धड्यापुढे गेलीच नव्हती. औषधाची बाटली फडताळात ठेवून खोकला जात नाही म्हणण्यासारखंच हे. आणि ते रुग्ण तुमच्यासारखे सौम्य नव्हते, दहा किंवा त्याहून वरचे होते.

मग खरं कोणाचं मानायचं? २०२१ मध्ये जगभरातल्या ३९ चाचण्यांमधल्या साडेनऊ हजारांहून जास्त लोकांची एकेकाची माहिती एकत्र करून पाहिली गेली. सरासरी काढली तर ज्यांच्या मागं कुणी मार्गदर्शक होता त्यांना एकट्यानं करणाऱ्यांपेक्षा जास्त फायदा झाला. पण ज्यांचा आकडा ५ ते ९ होता, म्हणजे तुमच्या रांगेतल्यांना, एकट्यानं केलं काय आणि मार्गदर्शकासोबत केलं काय, जवळपास सारखंच. हा फरक आकडा वाढत जातो तसा वाढत जातो. तुमच्या प्रश्नाचं इतकं सरळ उत्तर मला दुसरीकडे कुठं सापडलेलं नाही. फायदा चमत्कारासारखा मात्र नसतो. एकट्यानं करायच्या कोर्सबद्दल २०१७ च्या एका मोठ्या विश्लेषणाचा हिशोब असा होता की आठ जणांनी तो केला, तर न करणाऱ्या आठांपेक्षा एकाची लक्षणं जादा निम्म्यावर येतात. ज्याची येतात त्याला विचारा, तो 'एकच' म्हणणार नाही.

'अर्धे लोक दुसऱ्या धड्यावर सोडतात' हे मी छापील कागदावरून सांगत नाही. त्या अर्ध्यांत मी होते. २०२१ च्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ गेला. पावसाळा संपता संपता मी स्वतःचीच चाचणी केली, नऊ आले. म्हटलं, बाई, लोकांना सांगतेस ना, आता कर. एक परदेशी कोर्स घेतला. त्यातली उदाहरणं अशी की साहेबांनी पार्टीत तुमच्याकडे पाहिलं नाही तर काय वाटेल, आणि बर्फ पडल्यामुळे फिरायला जाता आलं नाही तर काय कराल. मी सराफ्याच्या, रात्रीच्या खाऊगल्लीच्या, शहरात राहणारी! पहिला धडा दोन दिवसांत केला, दुसरा दहा दिवसांत, तिसऱ्याला मोबाईलच उचलला नाही. मी या विषयाची शिक्षिका, आणि ही माझी गत.

सुटलेलं सूत ग्वाल्हेरच्या नणंदेनं जोडलं. तिला सीबीटी म्हणजे काय ते माहीत नाही, आजही नाही. तिला फक्त एवढंच सांगितलं होतं की दर रविवारी रात्री आठ वाजता मला फोन करायचा आणि विचारायचं, "वहिनी, झाला का धडा?" झाला म्हटलं की ती स्वतःच्या विणकामाचं बोलायला लागायची. नाही म्हटलं तरी रागवायची नाही, "बरं, मग बुधवारी विचारते" म्हणायची. आणि बुधवारी खरंच विचारायची! त्या भीतीनं मी मंगळवारी रात्री अकराला धडे केले आहेत. आकडेवारी म्हणते सौम्य लक्षणांत मार्गदर्शक नसला तरी चालतो. मार्गदर्शक नसला तर चालतो, विचारणारं माणूस नसलं तर चालत नाही, हे माझं मत. ते कुठल्या अभ्यासातलं नाही, ग्वाल्हेरच्या फोनमधलं आहे. तुमच्यासाठी हे माणूस मुलगी नको. पैसे ती भरणार, त्यामुळे विचारलं की हिशोब मागितल्यासारखं होईल. भजनी मंडळातली एखादी बघा.

आता परकेपणाचं. यावर मी जास्त बोलणार आहे, कारण मला वाटतं निम्मे मराठी लोक इथंच गळतात. कोर्स इंग्रजीत किंवा हिंदीत असला तरी वही तुमची आहे. धडा कोणत्याही भाषेत वाचा, पण मनात आलेलं वाक्य ज्या भाषेत आलं त्याच भाषेत, त्याच शब्दांत, शुद्धलेखन न सुधारता लिहा. तपशील बदलून एक सांगते. एका तरुणानं वहीत लिहून आणलं, 'आय अ‍ॅम अ फेल्युअर', आणि शेजारी दुःख किती, तर ४० टक्के. मी विचारलं, डोक्यात खरंच असं इंग्रजी आलं का रे? तो बराच वेळ खिडकीकडे बघत राहिला. मग म्हणाला, "नाही. बाबांच्या आवाजात आलं. 'तुझ्याच्यानं काय होणार?'" ते लिहिलं आणि त्याचे डोळे भरले. आकडा ९० वर गेला. इंग्रजी वाक्याशी वाद घालून त्याला काहीच मिळालं नसतं, कारण ते त्याला चावत नव्हतंच. आपण इंदूरकर तर आणखी मिसळलेले. देवघरात मराठी, भाजीवाल्याशी हिंदी, आणि रागावलो की कधी कुठली भाषा येईल सांगता येत नाही. एखादं दुखणं 'अपने बस का नहीं' असं हिंदीतच येत असेल तर तसंच लिहा.

तुमच्या पत्रातूनच एक ओळ घेऊ. तुम्ही लिहिलंत, 'दुःख म्हणावं असं काही घडलेलं नाही.' साधं वाटतं, पण मला ते पत्रातलं सगळ्यांत जड वाक्य वाटलं. त्याच्या पोटात दुसरं वाक्य आहे: 'मला दुःखी व्हायचा काही हक्क नाही.' माझा अंदाज चुकला असेल तर खोडा. बरोबर असेल तर वहीत रकाने पाडा. प्रसंग: सकाळी गाडीचं गाणं आलं, मी पडून राहिले. मनातलं वाक्य: खाऊनपिऊन सुखी, आणि तरी ही नाटकं. भावना: लाज, किती टक्के ते तुम्ही ठरवा. मग त्या वाक्याच्या बाजूचा पुरावा, आणि विरुद्ध बाजूचा. विरुद्ध बाजूला मी काय लिहीन सांगू? एकवीस वर्षं रोज पन्नास मुलांचा गोंगाट होता, तो एका दिवसात बंद झाला. मुलगी गेली. गुडघे गेले. एका वर्षात तीन. शेवटच्या रकान्यात नवं वाक्य, आणि तिथं कृपा करून 'मी आनंदी आहे, जग सुंदर आहे' असलं काही लिहू नका. ही पद्धत चांगलं-चांगलं बोलायची नाही, खरं बोलायची आहे. 'तीन गोष्टी गेल्या, मन सुस्तावलं तर नवल नाही, पण बादली उचलायला हात शाबूत आहेत,' एवढं पुरे. ते लिहून झाल्यावर लाज पुन्हा मोजा. ८० ची ६५ झाली तरी रकाना सार्थकी लागला.

बादलीचं मी गमतीनं म्हटलं नाही. या कोर्सचा निम्मा भाग विचारांचा आणि निम्मा हालचालीचा असतो, आणि तुमच्यासारख्यांनी हालचालीपासून सुरुवात करावी असं मी म्हणेन. उदासीत माणूस म्हणतो, मन लागलं की करीन. ते लागत नाही. आधी करावं लागतं, मन मागून फरफटत येतं. नुसत्या या एका तत्त्वावर गोव्यात उपचार बेतला गेला. मानसशास्त्राची पदवी नसलेल्या, खास शिकवून तयार केलेल्या माणसांनी तो सहा-आठ भेटींत दिला, आणि २०१७ मध्ये त्याचे चांगले निकाल प्रसिद्ध झाले. पुढे भोपाळच्या वाटेवरच्या आपल्या सीहोर जिल्ह्यात आशा कार्यकर्त्यांना मोबाईलवरून हाच उपचार शिकवण्याचं काम झालं. तुमच्या यजमानांना हे जरूर सांगा: मोबाईलवर पडून राहणं वेगळं आणि मोबाईलनं अंथरुणातून बाहेर ढकलणं वेगळं.

तर पहिल्या आठवड्यात एकच काम. गाडीचं गाणं आलं की ओल्या कचऱ्याची बादली तुम्ही न्यायची. सुक्याची यांना नेऊ द्या, गुडघे सांभाळायचे आहेत. आंघोळ नको, केस विंचरणं नको, गाऊनवर ओढणी टाका आणि खाली जा. परत आल्यावर वहीत दोन आकडे: जाण्याआधी बरं वाटणं दहापैकी किती, आल्यावर किती. तुम्हाला गजर लावायचीही गरज नाही, महापालिका रोज लावतेय. दुसऱ्या आठवड्यात वाचनालयाचं पुस्तक परत करायचं, वाचलेलं नसलं तरी, दंड भरून. भजनी मंडळ चौथ्या आठवड्यात, आणि तेही अर्धा तास, मागं बसून. सगळं एकदम सुरू केलं की तिसऱ्या दिवशी मोडतं आणि 'बघ, नाहीच जमलं' या वाक्याला आयता पुरावा मिळतो.

पैशांचं थोडक्यात. मुलीला म्हणावं, भरण्याआधी एवढं बघ: आठ आठवड्यांनंतर पैसे आपोआप कापत राहतात का, उत्तरं माणूस देतो की यंत्र, आणि माणूस असेल तर त्याचं नाव आणि भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक दाखवतात का. स्वतःला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवणाऱ्याकडे तो असायलाच हवा. मनातलं तुम्ही त्यात लिहिणार, तेव्हा ती माहिती कुणाकुणाला देतात तेही वाचा. पटलं नाही तर नावाच्या जागी दुसरं नाव टाका.

चौथ्या आठवड्यानंतर तीच चाचणी पुन्हा करा. आकडा उतरू लागला असेल तर चालू ठेवा. आठचा आठच असेल किंवा दहावर गेला असेल तर कोर्सला दोष देत बसू नका, स्वतःलाही नको, प्रत्यक्ष कुणाला भेटा. लाजेचं म्हणाल, तर माझ्याच जिन्यात एकदा दोन विहिणी समोरासमोर आल्या होत्या. एक चढत होती, एक उतरत होती. दोघींनी एकमेकींना सांगितलं, वरच्या मजल्यावर शिंपी आहे ना, त्याच्याकडे आले होते. वरच्या मजल्यावर शिंपी नाही, गच्ची आहे. आपल्या देशात २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं, त्यात वेगवेगळ्या मानसिक आजारांत ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोचलेच नव्हते. त्यातले किती या शिंप्याकडे अडकलेत, कोण जाणे.

आठव्या आठवड्याचा आकडा मला कळवा. चढलेला असला तरी.

ताई, मी २३ वर्षांचा, भंवरकुआंला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेची तयारी करतो. रात्री झोप येत नाही तेव्हा मोबाईलवरच्या एआयशी बोलतो. तो फार छान समजून घेतो, मित्रांपेक्षा चांगला. मग वेगळा सीबीटीचा कोर्स कशाला? हीच सीबीटी नाही का?

– एक वाचक, इंदूर

नाही रे बाळा. १९६६ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' नावाचा एक छोटा प्रोग्राम लिहिला. तुम्ही 'मला वाईट वाटतं' म्हटलं की तो तेच फिरवून विचारायचा, 'तुम्हाला वाईट का वाटतं?' बस्, एवढंच. त्यांच्या सेक्रेटरीला तो कसा बनलाय हे माहीत होतं, तरी त्याच्याशी बोलायला बसल्यावर तिनं साहेबांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं. समजून घेतल्याचा भास व्हायला माणसाला फार थोडं लागतं. आजचा एआय त्याच्यापेक्षा कितीतरी हुशार आहे, तेव्हा तुला तसं वाटलं यात तुझं काही चुकलं नाही.

फरक कुठं आहे ते सांगते. कोर्स तुला काम देतो आणि पुढच्या आठवड्यात 'केलंस का?' विचारतो. तुझा रात्रीचा मित्र तू विचारशील तितक्या वेळा धीर देतो. रात्री दीडला 'मी नापास होणार का?' विचारलं, त्यानं नाही म्हटलं, बरं वाटलं. दोनला पुन्हा विचारलं. ही सवय काळजी कमी करत नाही, तिला दर अर्ध्या तासानं खाऊ घालते. वापरायचाच असेल तर दिवसा वापर, वहीचे रकाने भरायला, आणि 'माझ्या या वाक्याविरुद्ध पुरावा विचार' असं सांगून. रात्री मोबाईल खोलीच्या दुसऱ्या टोकाला चार्जिंगला. झोप दोन-तीन आठवडे अशीच राहिली, किंवा मनात जगण्याविषयीच उलटसुलट यायला लागलं, तर १४४१६. तिथं समोर माणूस असतो, आणि तो ऐकताना गप्प बसू शकतो.

माननीय ताई, आमच्या काळी ही असली चोचली नव्हती, तरी विचारतो. पत्नी ७१ वर्षांची, हल्ली कुणाशी बोलत नाही, टीव्ही लावत नाही, पाहुणे आले की आत जाऊन बसते. ऐकू कमी येतं. कानाचं यंत्र दोन वर्षांपूर्वी घेतलं, ते शिट्टी मारतं म्हणून कपाटात आहे. नातू म्हणतो, आजीला ऑनलाइन थेरपी लावू. मोबाईल तिला जमत नाही. काय करावं?

– एक वाचक, लश्कर, ग्वाल्हेर

नातवाचं मन मोठं आहे, पण यांना ऑनलाइन कोर्स नको. या वयात पहिल्यांदाच अशी उदासी आली तर आधी डॉक्टरांनी प्रत्यक्ष बघायला हवं: औषधं कोणती चालू आहेत, स्मरणशक्ती कशी आहे, थायरॉइड, साखर. जिल्हा रुग्णालयात मनाच्या तक्रारींसाठी मन-कक्ष असतो, तिथंही विचारा. त्यांना चाचणीचे नऊ प्रश्न विचारायचे तर जवळ बसून, मोठ्यानं, एकेक करून विचारावे लागतील. तुम्ही विचारा. चोचली वाटली तरी.

पण डॉक्टरांकडे जाण्याच्याही आधी एक करा. ज्या बाईला ऐकू येत नाही ती टीव्ही कशाला लावेल, आणि पाहुण्यांत बसून करेल काय? यंत्र शिट्टी मारतं ते बहुधा कानात नीट बसत नाही म्हणून, किंवा कानात मळ साठलाय म्हणून. कपाटातून काढा, नवी बॅटरी घाला, आणि ज्यांच्याकडून घेतलं त्यांच्याकडे तिला घेऊन जा. यंत्र घेऊन एकटे जाऊ नका, कान तिचा आहे.